दोन चोरांची एक फाइल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हॉलिस ब्रँडल तरुणपणी एकदा ती चढून बसला होता आणि त्यानंतर मात्र कायम शहाण्यासारखा वागला होता. गाडीचा कर असो की घराची नोंद, तो बायकोला पाठवायचा. बायको गेल्यावर त्याने ही कामं टपालाने उरकली. टॅनर काउंटीचं कोर्ट मिलबर्नच्या चौकात अगदी मधोमध आहे. त्याला टाळून गावात फिरायचं तर वळसे घ्यावे लागतात, पण हॉलिसच्या ट्रकला ते वळसे पाठ झाले होते. एप्रिलमधल्या त्या सोमवारी मात्र पशुखाद्याच्या गिरणीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून तो सरळ पुढच्या दाराने आत गेला.

काउंटरमागे रोंडा केल्सो होती. ती कोर्टाची क्लार्क, म्हणजे दर चार वर्षांनी दारोदार मतं मागून निवडून येणारी. शाळेत ती हॉलिसच्या दोन वर्ग मागे होती.

"अगं बाई, हॉलिस! वाट चुकलास की काय?"

"एक नक्कल हवी होती. सही-शिक्क्याची."

"जमिनीची असेल तर समोरची खोली. लग्नाची असेल तर अभिनंदन."

"फौजदारी आहे."

"कोणाची?"

"माझीच."

रोंडाने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "ती वासरांची भानगड? ती तर अख्ख्या काउंटीला पाठ आहे. तिला कागद कशाला लागतो?"

"राजधानीतल्या लोकांना पाठ नाही ना."

वासरांची भानगड अशी. हॉलिस आणि त्याचा चुलतभाऊ लिऑन ऐन विशीत होते, खिशात दमडी नव्हती आणि डोक्यातही फारसं काही नव्हतं. एका रात्री त्यांनी हेंब्री नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणातली वासरं ट्रकमध्ये चढवली आणि सकाळी शेजारच्या काउंटीच्या गुरांच्या बाजारात नेऊन उभी केली. लिलाव पुकारणारा हेंब्रीचा साडू निघाला. दुपारच्या जेवणाआधी दोघे कोठडीत होते. गुरांची चोरी म्हणजे त्या राज्यात मोठा गुन्हा, थेट तुरुंगवासाचा. पण म्हाताऱ्या जजने त्यांना चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं आणि मुदत संपेपर्यंत दर शनिवारी हेंब्रीच्याच शेतावर फुकट राबायला लावलं. दोघे निमूट राबले. मुदत संपल्यावर जजने एकाच सकाळी दोघांचे खटले निकाली काढले. डोक्यावर गुन्हा नाही, शिक्षा नाही, जा घरी.

पुढे हॉलिस गिरणीत लागला आणि मुकादम झाला. लिऑनचं कुठंच बूड टेकलं नाही. आज छपरं शाकार, उद्या कुणाचे सांडपाण्याचे खड्डे उपस, परवा घरी बस. हॉलिस त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलायचा, आणि गावातल्या खानावळीत ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं: "चिखल दोघांनाही सारखाच लागला होता. मी धुतला, त्याला कंटाळा आला." दोघांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. भांडण असं झालंच नव्हतं.

आता हे मढं उकरायचं कारण म्हणजे टेसा. हॉलिसची मुलगी हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून अपघातात गेली. तिची सहा वर्षांची पोर टेसा. बाप कोण ते मुलीने कधी सांगितलं नाही. पोरीला सरकारने तात्पुरतं म्हणून शहरातल्या एका जोडप्याकडे ठेवलं होतं, आणि त्या जोडप्याला ती आता कायमची हवी होती. माणसं वाईट नव्हती. त्यांच्याकडे पियानो होता. हॉलिसने आजोबा या नात्याने ताबा मागितला, तेव्हा त्याच्या बोटांचे ठसे घेतले गेले, आणि राज्याच्या संगणकाने उत्तर दिलं: गुरांची चोरी, अटक. निकालाच्या रकान्यात काहीच नव्हतं. सरकारला भरलेल्या जागेपेक्षा कोऱ्या जागेची भीती जास्त. बालकल्याण खात्याच्या व्हिटेकरबाईंनी त्याला सरळ सांगितलं, "निकाल नाही म्हणजे खटला उघडा. खटला उघडा असलेल्या माणसाकडे मूल देता येत नाही. गुरुवारी सुनावणी आहे, त्याच्या आत नक्कल आणा."

रोंडाने अर्ज पुढे सरकवला. हॉलिसने नाव, जन्मतारीख आणि अंदाजे वर्ष लिहिलं. खटल्याचा क्रमांक त्याला आठवत नव्हता. ती तळघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. भिंतीवर आजवरच्या क्लार्कचे फोटो ओळीने लावले होते, त्यात सगळ्यात मोठा मिस ओपल टिडवेलचा. निम्मं आयुष्य ती या काउंटरमागे उभी होती. तिच्याविरुद्ध निवडणुकीला उभं राहायची कुणाची छाती झाली नव्हती.

रोंडा वर आली ती हात हलवतच. "नाही रे."

"नाही म्हणजे?"

"फाइल नाही. नावांच्या रजिस्टरात तू नाहीस. लिऑन आहे, त्याची फाइलही आहे. पण त्याच्या पुढचा क्रमांक गायब. एक आकडा सोडून थेट त्याच्या पुढचा."

"चुकून राहिला असेल."

"मिस ओपलकडून? ती बाई कालवणात मीठ विसरेल, आकडा नाही विसरायची. मला तिनं शिकवलंय, मला माहीत आहे." रोंडाने आवाज खाली आणला. "मी तुला 'शोधलं, सापडलं नाही' असा दाखला देऊ शकते. शिक्का मारून."

तो दाखला हॉलिसने तिथूनच फोनवर व्हिटेकरबाईंना वाचून दाखवला. त्या सभ्यपणे म्हणाल्या, "मिस्टर ब्रँडल, सापडलं नाही म्हणजे घडलं नाही, असं होत नाही."

"घडलं नाही असं मी कुठं म्हणतोय, बाई? घडलं आणि संपलं, असं म्हणतोय."

"मग संपल्याचा कागद आणा."

हॉलिस कोर्टातून निघाला तो मिस ओपलच्या घरी. मेथडिस्ट चर्चच्या मागच्या गल्लीत ती एकटी राहायची. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण केस अजून दर शुक्रवारी सेट केलेले. दार उघडताच तिचा चेहरा फुलला.

"आलास एकदाचा! मी म्हणतच होते, हॉलिस कधीतरी येईल. बस बाळ. ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा गोड पाय भाजलाय, कालचाच."

हॉलिसने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मिस ओपल, माझी एक फाइल होती कोर्टात. ती सापडत नाही."

"सापडेल कशी? मी जाळली ना ती." शिळा पाव टाकला म्हणावं तशा आवाजात ती म्हणाली आणि पायचा मोठा तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला. "मागच्या अंगणात पिंपात घातली, पाचोळ्याबरोबर. रजिस्टरचं पानही सुटं करून नव्यानं लिहिलं, तुझ्या नावाशिवाय. रविवारची अख्खी दुपार गेली माझी."

हॉलिसने काटा उचलला होता, तो खाली ठेवला. "का?"

"का म्हणजे? गिरणीचा ग्रेडी नवी माणसं घेत होता. ज्याला घ्यायचं त्याची फाइल आधी बघून जायचा, महिन्यातून एकदा तरी. तू अर्ज टाकलायस हे मला तुझ्या आईकडून कळलं. सोमवारी तो आला, म्हणाला, ओपल, ब्रँडल हॉलिसचं काही आहे का? मी म्हटलं, बघ की तूच. काही नाही." ती हसली. "आता तीस वर्षांनी तरी थँक्यू म्हणशील ना?"

ग्रेडीची ती भेट हॉलिसला जशीच्या तशी आठवत होती. सगळं कबूल करायचं असं ठरवून तो गेला होता, वाक्यं पाठ करून. त्याने तोंड उघडताच ग्रेडीने हात वर केला. "कोर्टात तुझ्या नावावर काही नाही, पोरा. मला तेवढं पुरे." हॉलिसला वाटलं होतं, या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो पदरात घेतोय. या क्षमेला जागायचं म्हणून तो गिरणीत कधी उशिरा गेला नाही, कधी पोतं कमी भरलं नाही. ग्रेडीच्या शवपेटीला खांदा देताना तो धाय मोकलून रडला होता. आणि ग्रेडीला बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं.

"मला विचारायचं तरी होतंत," तो म्हणाला.

"उपकार काय विचारून करतात?"

मग हॉलिसने टेसाचं सगळं सांगितलं. पियानोवाल्या जोडप्याचं ऐकून मिस ओपलने नाक मुरडलं.

"मी येते ना गुरुवारी. जजला सांगते, हा मुलगा देवमाणूस आहे म्हणून."

"देवमाणूस नकोय त्यांना. फाइल कुठे गेली ते हवंय."

"ते मी कशी सांगू? कोर्टाचा कागद जाळणं हाही गुन्हाच की रे, मोठा गुन्हा. रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडानं बसू?" तिने त्याची न खाल्लेली बशी उचलली. "मी शपथेवर खोटं बोलणार नाही आणि खरंही बोलणार नाही. मी येतच नाही."

"आणखी कोणाच्या जाळल्यात?"

"पाय आत्ता खायचा नसेल तर बांधून देऊ का?" मिस ओपल म्हणाली.

मंगळवारी तो पुन्हा रोंडापुढे उभा राहिला. ऐकता ऐकता रोंडाच्या चेहऱ्याचे रंग तीनदा बदलले. शेवटी तिने काउंटरची झडप खाली पाडली आणि 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली. सकाळचे जेमतेम दहा वाजले होते.

"हरवलेला कागद जजला पुन्हा उभा करता येतो," ती म्हणाली. "पण दोन साक्षी लागतात. कागद कसा गेला याची एक, आणि त्यात काय होतं याची एक. पहिलीसाठी मिस ओपल आहे. तिला मी समन्स काढते. देवा, मला हे दिवस बघायचे होते! दुसरीसाठी, निकालाच्या त्या सकाळी कोर्टात कोण कोण होतं?"

"जज वारला. सरकारी वकील वारला. हेंब्री वारला."

"आणि लिऑन?"

रोंडाने तळघरातून लिऑनची फाइल आणून त्याच्यापुढे टाकली. "बघ, यातला शेवटचा कागद तुझ्या शेवटच्या कागदासारखाच असणार. पण नाव त्याचं आहे. त्याची सुटका दाखवून तुझी सुटका होत नाही."

शेवटच्या कागदावर तेच होतं: खटला निकाली, शिक्षा नाही. पण फाइल त्या कागदापाशी संपत नव्हती. मिस ओपलचा नियम होता की मोठ्या गुन्ह्याची फाइल जो मागेल त्याने एका कार्डावर नाव आणि कारण लिहायचं, आणि कार्ड फाइलला टाचून ठेवायचं. लिऑनच्या फाइलला कार्डांचा गठ्ठाच लागला होता. शाळेच्या बसवर चालक म्हणून घ्यायचं होतं. घर भाड्याने द्यायचं होतं. रस्तेबांधणीवर घ्यायचं होतं. त्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना सोयरिकीआधी बघायचं होतं. एकाही कार्डवाल्याने शेवटचा कागद वाचलेला दिसत नव्हता. पहिल्या पानावर 'गुरांची चोरी' एवढं वाचून माणूस फाइल मिटत असावा. सगळ्यात तळाच्या कार्डावर ग्रेडीची सही होती. कारण: गिरणीत नोकरी. तारीख तीच, ज्या सोमवारी त्याने हॉलिसचं नाव विचारलं होतं.

लिऑननेही गिरणीत अर्ज केला होता, हे हॉलिसला माहीत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आपण धुतला धुतला म्हणत होतो तो चिखल एका म्हातारीने पिंपात जाळला होता, आणि लिऑन तोच चिखल आयुष्यभर घासत बसला होता. हे त्याला इतकं लख्ख दिसलं की त्याने फाइल उलटी करून ठेवली.

"जाशील त्याच्याकडे?" रोंडाने विचारलं.

"जायलाच हवं."

लिऑन नदीकाठी चाकांवरच्या एका ट्रेलर-घरात राहायचा. लोकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि मिळेल तेव्हा मासे धरायचा. हॉलिसचा ट्रक बघून तो उठला नाही. त्याच्यापुढे फळीवर एक मोठा कॅटफिश होता आणि तो पकडीने त्याची कातडी ओढत होता.

"कोण मेलं?" लिऑन म्हणाला.

"कोणी नाही."

"मग तू कसा काय? गिरणी बुडाली?"

"गिरणी आहे."

"वाटलंच. तुझं पोट आहे जागच्या जागी." त्याने कातडी बादलीत टाकली. "तुझ्या पोरीचं ऐकलं मी. येणार होतो मातीला. शर्ट नव्हता बरा."

हॉलिसने टेसाचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. फाइलचं सांगताना तो एवढंच म्हणाला की ती सापडत नाही.

"हरवली? ओपल टिडवेलकडून?" लिऑन मोठ्यांदा हसला. "नशीबवान आहेस लेका. माझी कधी नाही हरवली. मी जिथं जाईन तिथं माझ्याआधी जाऊन खुर्ची धरून बसते."

आत्ता सांगायला हवं, हे हॉलिसला कळत होतं. जीभ रेटेना. हा चिडला आणि आला नाही, तर पोर पियानोवाल्यांची. त्याने हिशेब केला आणि गप्प बसला. लिऑनसारख्या माणसाशी असा हिशेब करणं बरं नव्हतं, आणि तेही त्याला कळत होतं.

"येशील?"

"पोरीसाठी येतो," लिऑन म्हणाला. "तुझ्यासाठी नसतो आलो. मासा नेतोस का?"

हॉलिसने मासा नेला. घरी जाऊन त्याने तो तळला, पण खाल्ला नाही.

गुरुवारी जज मेबरी आल्या. तीन काउंट्या त्यांच्याकडे, त्यामुळे मिलबर्नच्या वाट्याला त्या एक आड एक गुरुवारीच यायच्या. बाई तरुण, बाहेरगावच्या; कुणाची आई चर्चमध्ये कुणाशेजारी बसायची याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. व्हिटेकरबाई मांडीवर कागद घेऊन पहिल्या बाकावर होत्या. लिऑन मागच्या बाकावर, नवा शर्ट घालून. शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. सगळ्यात शेवटी मिस ओपल आली, डोक्यावर ईस्टरच्या सणाची टोपी, हातात समन्स.

"रोंडा, शिक्का तिरका मारलायस," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी असताना असं चाललं नसतं."

"उजवा हात वर करा, मिस ओपल," रोंडा म्हणाली.

"मला काय सांगतेस? मीच शिकवलंय तुला." पण हात वर गेला. साऱ्या काउंटीला शपथ दिलेली ती बाई साक्षीच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसली, आणि बसल्यावर एकदम लहान दिसायला लागली. शपथ घेतल्यावर मात्र तिने काही लपवलं नाही. पिंप सांगितलं, पाचोळा सांगितला, नव्याने लिहिलेलं पान सांगितलं. शपथ ही गोष्ट तिने आयुष्यभर इतक्या वेळा दुसऱ्यांना दिली होती की ती मोडणं तिला जमण्यासारखंच नव्हतं.

हॉलिसने मागे वळून पाहिलं नाही.

जज मेबरींनी टिपण थांबवलं. "दोन आरोपी होते. एकाची फाइल तुम्ही जाळलीत. दुसऱ्याची तिथेच ठेवलीत?"

"हो."

"का?"

मिस ओपलने पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "त्यानं कधी मागितलं नाही."

"यानं तरी कुठं मागितलं होतं?" लिऑन मागून म्हणाला.

तो ओरडला नव्हता, पण सगळं कोर्ट मागे वळलं. जजबाईंनी हात वर केला. "तुमची पाळी येईल, बसा. मिस टिडवेल, उत्तर द्या."

मिस ओपल म्हणाली, "हॉलिसची आई चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायची. लिऑनची माणसं नदीकडची. ती चर्चमध्ये येत नसत." हे बोलल्यावर तिने स्वतःच ते नीट ऐकलं असावं, कारण तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढे कुणाकडे बघितलं नाही.

"लिऑन ब्रँडल," रोंडाने पुकारा केला.

लिऑन उठला नाही. तो आपल्या हातांकडे बघत बसला. याने आता उठून दाराबाहेर जायचं ठरवलं तर त्याला दोष देणारा काउंटीत एकही माणूस निघाला नसता, अगदी हॉलिससुद्धा नाही. व्हिटेकरबाईंनी पेनाचं टोपण काढून हातात धरलं होतं. एवढ्यात बाक करकरला, आणि लिऑन मधल्या वाटेने पुढे आला. हॉलिसच्या बाजूने जाताना तो थांबला नाही.

शपथ झाली. त्या सकाळी काय झालं, असं जजबाईंनी विचारलं.

"आम्हांला दोघांना बोलावलं. म्हाताऱ्यानं दोन कागद लिहिले, आधी माझा, मग याचा. वाचून दाखवले. शब्दाला शब्द सारखे. म्हणाला, जा, आणि दुसऱ्याच्या कुंपणापासून लांब राहा. बस."

"इतक्या वर्षांनंतर तुम्हांला खात्री आहे?"

"बाई," लिऑन म्हणाला, "त्या दिवशी मला वाटलं होतं, संपलं सगळं. त्या दिवसाचा मी जेवढा विचार केलाय ना, तेवढा दुसऱ्या कुठल्याच नाही केला."

जज मेबरींनी थोडा वेळ लिहिलं. मग हॉलिसचा खटला गाळलेल्या क्रमांकावर पुन्हा नोंदवण्याचा हुकूम दिला: निकाली, शिक्षा नाही. मिस ओपलवर कारवाई करण्याची मुदत कधीच उलटून गेली होती, तेही त्यांनी सांगितलं. रोंडाला मात्र सगळी जुनी रजिस्टरं काढून गायब आकड्यांचा तपास करायला सांगितलं. कोर्टात बसलेल्यांपैकी दोघा-तिघांनी हे ऐकून बूट न्याहाळायला सुरुवात केली. व्हिटेकरबाईंनी नक्कल दोन्ही बाजूंनी वाचली, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शनिवारी सकाळी टेसाला घेऊन येते. तिची खोली तयार आहे ना?"

"आहे," हॉलिस म्हणाला. ती जानेवारीपासूनच तयार होती. इतका आनंद आणि इतकी शरम एकाच वेळी माणसाला झेपत नाही.

तो बाहेर आला तेव्हा लिऑन बाहेरच्या ओसरीत पाण्याच्या नळापाशी वाकून पाणी पीत होता. हॉलिस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. लिऑनने तोंड पुसलं.

"मिळाली पोर?"

"मिळाली." हॉलिसने नक्कल घडी करून खिशात घातली. "लिऑन, मंगळवारी नदीवर आलो तेव्हा मला माहीत होतं. पिंपाचं. मी सांगितलं नाही."

"ते कळलं मला, मघाशी. तुझ्या मानेवरून. मागे वळायचं नाव नाही."

"एवढंच नाही. मी इतकी वर्षं... खानावळीत, गिरणीत, सगळ्यांना सांगत आलो. तू आळशी म्हणून. माझ्यासारखं तुला करता आलं असतं, तू केलं नाहीस म्हणून."

"ऐकलंय मी. गाव केवढंसं आहे."

"मग कधी येऊन माझी गचांडी का नाही धरलीस?"

लिऑनने नव्या शर्टाची बाही खाली ओढली.

"कशाला धरू?" तो म्हणाला. "मलाही माझ्याबद्दल तेच वाटायचं."